लाल यादीतला बुधाजी

सोमवार, ६ जानेवारी २०२५. अमरावती

मागच्या वर्षी सुभेदार पदाच्या मुलाखतीत साहेब म्हणाले होते, "सिरसाट, तुमचे रिपोर्ट तारेसारखे असतात. कोण, कुठं, काय, बस." बायकोला, संध्याला हे सांगितलं तर तिनं शाळेची कोरी वही काढून दिली. रोज पानभर लिहा म्हणे, हात वळेल. ती अकोल्याला जठारपेठेत शाळेवर आहे, तिच्याकडे कशालाही एकच औषध, गृहपाठ. मी इथं क्वार्टरमध्ये एकटाच. लिहून पाहतो. जमलं नाही तर वही ट्रंकेत जाईल.

आज साहेबांनी सगळ्या हवालदारांना बोलावलं. पुण्याच्या कुठल्या संस्थेकडून एक बाई आल्या आहेत, इशिता पाठक. मूळच्या अमरावतीच्याच. कैद्यांच्या स्वभावाची चाचणी घेणार. एकशे वीस वाक्यं आहेत, प्रत्येकाला 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं. त्यावरून पुढच्या सहा महिन्यांत आत कोण गैरवर्तन करेल ते आधीच कळणार. कोण मारामारी करेल, कोण मोबाइल आत घेईल, कोण हुकूम मोडेल.

माझ्या शेजारी नारायण बसला होता. माझ्याच बॅचचा हवालदार. हळूच म्हणाला, "भविष्य सांगून राहिले लेकाचे. पोपट कुठी हाय?"

मी हसलो नाही. सव्वीस वर्षं या नोकरीत काढली. कोणता कैदी कधी बिघडेल हे मला चालण्यावरून कळतं, आणि मला कोणी कधी विचारलं नाही. आता एकदम पुण्याहून बाई कशी काय आली? मला वाटतं कैद्यांचं नुसतं नाव आहे. तपासणी आमची चालू आहे.

बुधवार, ८ जानेवारी

वाचता न येणारे अठ्ठावन कैदी आहेत. त्यांना वाक्यं वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. साहेब म्हणाले तुमचं वाचन स्पष्ट आहे. स्पष्ट आहे की नाही माहीत नाही, पण नाही म्हणायची सोय नव्हती.

मॅडमनं तासभर शिकवलं. वाक्य जसंच्या तसं वाचायचं. समजावून सांगायचं नाही. चेहरा कोरा ठेवायचा. मी म्हटलं, "मॅडम, 'नियम हे दुर्बलांसाठी असतात' हे यांना काय कळणार? 'दुर्बल' म्हणजे काय ते अर्ध्यांना माहीत नाही."

"तुमचं खरं आहे. पण शब्द बदलला तर गुण बदलतात."

मग त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी उलट्या बाजूनं वाचायचा प्रयत्न केला, जमलं नाही. माझ्याविषयीच असणार.

आणखी एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. काही वाक्यं जोडीनं आहेत. 'मला राग पटकन येतो' एकीकडे, आणि पुढं कुठंतरी 'मी सहसा शांत असतो'. दोन्हीला 'हो' आलं, असं जास्त ठिकाणी झालं, तर तो कागद बाद. पुन्हा पहिल्यापासून घ्यायचा.

शुक्रवार, १० जानेवारी

तीन दिवसांत अठ्ठावन. आज संपवले. घसा बसला आहे.

खोली मिळाली नाही म्हणून विणकाम विभागाच्या व्हरांड्यात टेबल टाकलं. आत माग चालू, खडाखड. एकेकाला समोर बसवून एकशे वीस वाक्यं ओरडायची.

दुपारी बुधाजी खंडारे आला. वय सत्तावन्न, बाळापूरजवळच्या खेड्यातला. जन्मठेप, अकरावं वर्ष. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून झालेल्या भांडणात सख्ख्या भावाला कुऱ्हाडीच्या दांड्यानं मारलं, एकच घाव, भाऊ तिथंच गेला. आठ वर्षं विणकामाच्या मागावर होता, दोन वर्षांपासून शेतीच्या टोळीत आहे. एकही शिक्षा नाही. एप्रिलमध्ये खुल्या कारागृहाची यादी निघेल, त्यात त्याचं नाव असणार असं सगळे म्हणतात. तिथं भिंत नाही, दिवसभर शेतात काम, आणि शिक्षेचे दिवसही लवकर कटतात.

तो आमच्या समाजातला आहे. मी त्याच्याशी कामापुरतंच बोलतो, खरं तर इतरांपेक्षा कडकच. 'सिरसाट आपल्या माणसाला सांभाळतो' हे वाक्य या कारागृहात कोणाच्या तोंडी येऊ द्यायचं नाही, हे मी पहिल्या दिवसापासून ठरवलं आहे.

त्यानं सगळ्याला हावच म्हटलं.

"कुणी माझ्या वाटेत आलं तर मी त्याला सोडत नाही."

"हाव."

"रागाच्या भरात काय करतो ते मला कळत नाही."

"हाव."

"मी सहसा शांत असतो."

"हाव, साहेब."

बारा-पंधरा ठिकाणी जोड्या जुळेनात. कागद बाद झाला असता, आणि बाहेर अजून नऊ जण बसलेले. मी त्या जोड्या ताळ्यावर आणल्या. एकीकडे 'हो' असेल तर दुसरीकडे 'नाही'. शांत असतो याला 'नाही' केलं. ज्यानं भावाला मारलं तो शांत असतो असं लिहिलं असतं तर मॅडमच म्हणाल्या असत्या की हे काय? इतरांच्या कागदांतही असं दोन-चार ठिकाणी करावं लागलं. काम वेळेत झालं.

सोमवार, २७ जानेवारी

यादी आली. तीनशे बारा जणांपैकी एक्केचाळीस लाल. बाकीचे पिवळे आणि हिरवे. यादी गुप्त आहे असं साहेबांनी सांगितलं आणि चहाच्या वेळेपर्यंत ती सगळ्या शिपायांना पाठ होती.

बुधाजी लालमध्ये. वरून चौथा.

मी दोनदा नाव वाचलं. गांजावाल्या टोळीतले दोघे त्याच्या खाली आहेत. नारायण म्हणाला, "पाह्य बरं. आपन ज्याले गाय समजत होतो."

मग मला वाटायला लागलं, मी या माणसाला ओळखतो म्हणजे काय? अकरा वर्षांत तो माझ्याशी दहा वाक्यं बोलला नसेल. गप्प माणूस चांगला, हे मी कशावरून धरून चाललो? त्याच्या भावालाही तो त्या सकाळपर्यंत गायच वाटला असेल.

एक्केचाळीसपैकी एकोणतीस माझ्या वाचनातले निघाले. नारायणच्या मते अडाणी लोक आतून जास्त डांबरट. असेल.

सोमवार, ३ फेब्रुवारी

लाल यादीतल्यांना बाहेरची कामं बंद. काल संध्याकाळी बराकीत मी बुधाजीला मागून जाता जाता सांगितलं, "उद्यापासून शेतीवर जायचं नाही." तो "हाव" म्हणाला. आणि आज सकाळी टोळीबरोबर गेटवर हजर! हातात टोपली. मी सगळ्यांसमोर झापलं. तो नुसता माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

आता लक्ष ठेवायला लागल्यावर पुष्कळ काही दिसतं. रांगेत तो नेहमी डाव्या टोकाला बसतो, भिंतीला लागून. म्हणजे त्या बाजूनं कोणी येणार नाही. बोलणाऱ्याच्या डोळ्यांत बघत नाही, तोंडाकडे रोखून बघतो. नाव पुकारलं की आधी शेजाऱ्याकडे पाहतो, मग उठतो. कसली खूण चालते त्यांची? शेजारी कोण बसतो ते लिहून ठेवलं आहे.

हे सगळं अकरा वर्षं माझ्यासमोर होतं. मीच झोपलो होतो.

बुधवार, १२ फेब्रुवारी

बुधाजीच्या अंथरुणाची झडती घेतली. घडीत कापसाचे सात-आठ बोळे मिळाले, तेलात भिजवलेले, लसणाचा वास. तेलात भिजवलेला कापूस माणूस कशाला लपवतो? पेटवायला.

"हे काय होय?"

तो बोळ्यांकडे बघत राहिला. मी हातात धरून पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाला, "भेगाले, साहेब. पायाच्या."

पाय दाखवायला लावले. भेगा होत्या, पण तेल लागल्यासारख्या नव्हत्या. खोटं बोलला. रिपोर्ट दिला. संध्याच्या गृहपाठाचा गुण असेल, पूर्ण दीड पान झाला.

रविवार, १६ फेब्रुवारी. अकोला

रजेवर घरी आलो. जेवताना संध्याला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही त्याला नीट विचारलंत का?"

"काय विचारायचं? सगळ्याला हाव म्हणतो."

"आमच्या वर्गात सगळ्याला हो म्हणणारं कोणी असलं तर मी त्याला पुढच्या बाकावर आणते."

मी म्हटलं तुझ्या वर्गातल्यांनी कोणाचा खून केलेला नसतो. ती पाणी आणायला उठली. मला राग आला, कशाचा ते कळलं नाही. चिवळची भाजी माझ्यासाठी म्हणून केली होती, ती तशीच राहिली.

गुरुवार, २० फेब्रुवारी

झालं एकदाचं.

सकाळच्या गिनतीला लाल यादीतल्यांची रांग विणकाम विभागाच्या बाहेर उभी होती. नारायण मागून आला आणि ओरडला, "बसा खाली!" सगळे बसले. बुधाजी उभाच. नारायणनं पुन्हा हुकूम दिला. तरी उभा, समोर बघत. नारायणनं पाठीमागून त्याच्या बरगडीत काठी टोचली. बुधाजी गर्रकन वळला आणि त्याचा हात नारायणच्या तोंडावर बसला. समोरचा दात हलला, रक्त आलं.

चौघांनी बुधाजीला खाली दाबलं. तो ओरडत होता, "कोन होय? कोन होय?" नाटकं.

मी दहा हातांवर होतो. साक्षीदार म्हणून माझा जबाब: हुकूम स्पष्ट शब्दांत दोनदा दिला, कैद्यानं ऐकून दुर्लक्ष केलं व कर्मचाऱ्यावर हल्ला केला. खाली सही.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

साहेब खूश दिसले. यादीतला चौथा नंबर महिन्याच्या आत खरा ठरला. पुण्याला कळवलं, तिकडून अभिनंदनाची मेल. नारायणच्या तोंडाला सूज आहे पण तोही छाती काढून फिरतो आहे. बुधाजी वेगळ्या कोठडीत. खुल्या कारागृहाच्या प्रस्तावातून नाव काढलं.

एकट्या इशिता मॅडम काही बोलल्या नाहीत. दुपारी मला विचारलं, "तुम्ही तिथं होतात. त्यानं हुकूम ऐकला होता?"

"सगळ्यांनी ऐकला, मॅडम."

"मी त्याचं विचारलं."

या बाईला माझ्या जबाबावर संशय आहे. आपलीच चाचणी खरी ठरली तर माणूस आनंदी होतो. ही का नाही?

मंगळवार, ४ मार्च

हे नीट लिहायचं आहे.

आज नातेवाइकांच्या मुलाखतीच्या खोलीवर ड्यूटी होती. बुधाजीची बायको जाईबाई बाळापूरहून आली. शिक्षेत भेट बंद करायचा कागद अजून सही व्हायचा होता, म्हणून सोडलं. काचेमागचे फोन बंद पडले आहेत, त्यामुळे जाळीतून बोलायचं. आठ-दहा कुटुंबं एकदम बोलत होती, कल्ला. मी मुद्दाम त्यांच्याजवळ उभा राहिलो. काय ठरवतात ते ऐकायला.

जाईबाई म्हणाली, "आपली माया बाळंतीण झाली."

"हाव," बुधाजी म्हणाला.

"पोरगी झाली होती."

"हाव."

"जगली नाई जी. तिसऱ्या दिवशी गेली."

"हाव, हाव," म्हणाला आणि हसला. छान हसला.

मनात पहिलं आलं ते हेच, की चाचणी खरी आहे. हा माणूस दगड आहे. नात मेली आणि हसतो.

पण जाईबाई चिडली नाही. तिनं डोळे पुसले, जाळीला धरून दोन पावलं सरकली, त्याला हातानं मान वळवायची खूण केली. तो वळला. तिनं त्याच्या उजव्या बाजूला जाळीला तोंड लावलं आणि तेच पुन्हा सांगितलं.

तो खाली बसला. जमिनीवरच. दोन्ही हात डोक्यावर घेतले. वेळ संपली तरी उठेना, मीच धरून उठवला.

जाईबाईला बाहेर सोडायला गेलो. गेटाच्या आत थांबवून विचारलं, "त्याला ऐकू येत नाही?"

ती एकदम घाबरली. माझ्या पायाशी वाकायला लागली. "साहेब, लिवू नका. तुमच्या पाया पडतो. आयकू येत नाई असं लिवलं त खुल्या जेलात नेत नाई म्हन्ते. थो कोनाले सांगत नाई. मीच लसनाचं तेल देत होतो मांगच्या खेपेले, कानात घालाले."

लसणाचं तेल.

मी म्हटलं बाई, उठा. तिला गेटाबाहेर सोडलं.

बुधवार, ५ मार्च

रात्रभर विचार येत राहिला की बाई शिकवून पाठवलेली असेल. हल्ल्यातून सुटायला बहिरेपणा बरा. मी माणसांना इतकं खोटं बोलताना पाहिलं आहे की मला खरं ओळखता येत नाही, हे आज पहिल्यांदा लिहितो.

म्हणून सकाळी कोठडीवर गेलो. तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. मी डाव्या बाजूनं गेलो, त्याला माझी सावली दिसली. नेहमीच्या आवाजात म्हटलं, "बुधाजी, तू पयून जानार हायेस का?"

"हाव, साहेब."

"नारायणले मुद्दाम मारलं?"

"हाव."

मी उजवीकडे जाऊन बसलो, त्याच्या कानाजवळ. "मी आता काय इचारलं तुले?"

त्यानं मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाला, "माईत नाई."

"कवापासून हाय हे?"

"मागावरचं चौथं-पाचवं साल असन. पयले डावा गेला. आता उजव्यानंबी जवळून बोललं तवाच. मांगं खडखड असली त काईच नाई."

"सांगतलं कावून नाई?"

"सांगतलं असतं त शेतीवर नेलं असतं का मले? फारमात लिवलं हाय, डोये-कान धड पायजे. मले आभायाखाली काम कराचं होतं, साहेब. म्हनून हाव म्हनत गेलो. हाव म्हनलं की मानूस पुढी जाते."

"आन् थे वाक्यं? मी वाचली थे?"

"तुमचं तोंड हालताना दिसे. थांबलं की हाव म्हनत होतो. तुमाले लय घाई होती."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं.

शुक्रवार, ७ मार्च

दोन दिवस काही केलं नाही.

कान लिहिला तर हल्ला पुसला जाईल, चाचणीही पुसली जाईल, आणि तो खुल्या कारागृहासाठी कायमचा अपात्र. कान नाही लिहिला तर तो लाल. दोन्हीकडून त्याचंच जातं. माझं कुठूनच काही जात नाही. जाईल असा एकच रस्ता आहे, तो मला परवाच दिसला होता.

तो सगळ्याला हाव म्हणाला होता. नुसते हाव असते तर कागद बाद झाला असता आणि पुन्हा पहिल्यापासून घेताना काहीतरी कळलं असतं. तो कागद बाद होऊ दिला नाही तो मी. शांत असतो याला 'नाही' केलं ते मी.

संध्याला फोन केला. सगळं सांगितलं. जुलैमध्ये सुभेदाराची यादी आहे हेही सांगितलं, तिला माहीत असून. ती म्हणाली, "तुम्ही मला विचारून राहिले की सांगून राहिले?"

मी म्हटलं माहीत नाही.

सोमवार, १० मार्च

दोन कागद दिले.

पहिला: अठ्ठावन कैद्यांना वाक्यं वाचताना मागांच्या आवाजात ती त्यांना ऐकू जातात की नाही याची खात्री केली नाही. जिथं उत्तरं परस्परविरुद्ध आली तिथं माझ्या मर्जीनं बदलली. दुसरा: दि. २० च्या घटनेत हुकूम पाठीमागून व मागांच्या आवाजात देण्यात आला. काठी पाठीमागून लागल्यानं कैदी दचकून वळला. पूर्वीचा माझा जबाब चुकीचा. कानाचा एक शब्द कुठं नाही.

साहेबांनी दोन्ही वाचले. "हे मागं घ्या. अहवाल मुख्यालयात गेला आहे. तुम्हाला कळतंय का तुम्ही काय करताय?"

"हो, साहेब."

इशिता मॅडमनं विचारलं, "किती कागदांत बदललंत?"

"जिथं जुळत नव्हतं तिथं सगळीकडे."

"बदलताना कशावरून ठरवलंत?"

"माणूस कसा वाटला त्यावरून."

त्यांनी लॅपटॉप बंद केला. मग म्हणाल्या, "म्हणजे त्या कागदांवर कैदी नाहीत. तुम्ही आहात." आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "एक्केचाळीसपैकी एकोणतीस एकाच वाचकाचे. मला हे जानेवारीतच दिसलं होतं. मी पुण्याला लिहिलं नाही. अहवाल वेळेत द्यायचा होता."

इतके दिवस मला वाटत होतं ती माझ्यावर नजर ठेवते. नजर होती, पण तिनं ती फिरवून घेतली होती.

बाहेर नारायण उभा होता. त्याला कळलंच होतं. "सव्वीस वर्षं एका ताटात जेवलो आपन," तो म्हणाला. "आखरीले आपल्या मानसासाठी कागद फिरवला ना तू."

ज्या वाक्याला सव्वीस वर्षं भ्यालो ते ऐकलं. मी सांगू शकलो असतो की मी त्याला आपला म्हणून नाही, उलट आपला म्हणूनच जास्त कडक... पण ते नारायणला काय सांगायचं. जानेवारीत ती उत्तरं 'ताळ्यावर' आणताना हेच वाक्य माझ्या डोक्यात होतं का? असावं.

सोमवार, १७ मार्च

मॅडमनं अठ्ठावन जणांची चाचणी स्वतः पुन्हा घेतली, ग्रंथालयाच्या खोलीत, दार लावून. मला जवळ येऊ दिलं नाही, बरोबरच आहे. बुधाजीला दोन तास लागले.

संपल्यावर पॅसेजमध्ये भेटल्या. म्हणाल्या, "मी त्याच्या उजव्या बाजूला अगदी जवळ बसले होते. डावीकडून ऊन येत होतं."

ग्रंथालयाची खिडकी उत्तरेला आहे. तिथं ऊन येत नाही. त्या थांबल्या नाहीत.

शुक्रवार, २८ मार्च

निकाल. हल्ल्याऐवजी 'बेशिस्त वर्तन'. शिक्षेत मिळालेल्या माफीचे पंधरा दिवस कापले. नारायण साहेबांशी भांडला, पण त्याच्याच काठीची चौकशी निघेल म्हटल्यावर शांत झाला. तो माझ्याशी बोलत नाही. डबा वेगळ्या टेबलावर नेतो.

शिक्षेच्या रजिस्टरला नोंद राहिल्यामुळे खुल्या कारागृहाच्या यादीत बुधाजी यंदा नाही. पुढच्या वर्षी, तोपर्यंत काही झालं नाही तर. शेतीच्या टोळीत मात्र परत घेतलं.

लाल यादी रद्द झालेली नाही. ती 'सुधारित' झाली. पुण्याहून दुसरी माणसं येणार आहेत, मॅडमनं काम सोडलं.

मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. खुलासा लिहिला, पानभर. जुलैच्या यादीतून नाव काढल्याचं तोंडी कळलं. संध्याला सांगितलं तर ती म्हणाली, रविवारी या, चिवळ आणते.

मंगळवार, २२ एप्रिल

सुधारित यादी आज आली. टोळीवर ड्यूटी होती. ऊन असं की दहा वाजताच जमीन भाजत होती. बुधाजी वांग्यांना पाणी देत होता. मी उजवीकडून गेलो. त्यानं फावडं बाजूला ठेवलं.

आम्ही पाच मार्चनंतर बोललो नव्हतो. त्यानं माझे आभार मानले नाहीत, मला ते नकोही होते. म्हणाला, "साहेब, एक इचारू? त्या बाईनं दुसऱ्यांदी घेतलं, त्याच्यात मी कसा मानूस निघालो?"

सांगायची परवानगी नाही. "हिरवा" म्हणालो असतो तर त्यानं मानलं असतं.

"पिवळा," मी म्हटलं.

"म्हंजे?"

"म्हंजे नक्की सांगता येत नाई."

त्यानं पाण्याकडे पाहिलं. दांडातून पाणी पुढच्या वाफ्याकडे सरकत होतं. "मंग बराबर निघालं," तो म्हणाला. "भावाचं झालं ना, त्या दिवशी सकाळी कोनी मले इचारलं असतं की बुधाजी, तू आज मानूस मारशीन का, त मी नाईच म्हनलं असतं. शपथेवर. आन् थे खोटं नसतं."

तो फावडं उचलून पुढच्या वाफ्याचं तोंड मोकळं करायला लागला. हातात फावडं असलेल्या कैद्याकडे सव्वीस वर्षांत कधी पाठ केली नव्हती. मी वळलो आणि त्याच्याकडे पाठ करून विहिरीपर्यंत चालत गेलो. पंचवीस-तीस पावलं असतील. मागं वळून पाहिलं नाही. पाहावंसं दोनदा वाटलं.